शंका, तर्क आणि सूर्याच्या दोन रेषा

दरवर्षीं ऑगस्टची १८ तारीख जवळ आली कीं वृत्तपत्रांतून विजयदुर्गाचें नांव वाचावयास मिळतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील त्या किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे पाहुण्यांस दाखविले जातात, आणि १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदानें येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, असें सांगण्यांत येतें. ही कथा मीहि अनेक वर्षें वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, अठरा ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. कोंकणांत तेव्हां आभाळ उघडतच नाहीं. मग साहेबाला सूर्य दिसला कसा?" उत्तर उद्यां देतों असें सांगून मी घरीं आलों, पुस्तकें उघडलीं, आणि माझीच फजिती झाली. १८६८ च्या ऑगस्टांत लॉकयर इंग्लंडांत होता. विजयदुर्गास तो आला हें खरें; परंतु तो आला तीस वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं.

श्रोतेहो, विज्ञानाच्या प्रगतींत शंकेचें काम कोणतें व कल्पनेचें काम कोणतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सुशिक्षित घरांतूनहि याविषयीं दोन परस्परविरुद्ध तक्रारी ऐकूं येतात. कोणी म्हणतो, या शास्त्रज्ञांचा कशावरच विश्वास नाहीं. दुसरा म्हणतो, हे लोक हवेंत मनोरे बांधतात आणि दर दहा वर्षांनीं ते पाडतात. आपल्या न्यायशास्त्रानें मात्र या दोहोंस फार पूर्वीं एकाच पंक्तीस बसविलें आहे. गौतमाच्या सोळा पदार्थांत तिसरा संशय आहे, आठवा तर्क आहे, आणि त्यांच्या पाठोपाठ नववा निर्णय आहे. संशय, तर्क आणि निर्णय यांचें हें नातें व्यवहारांत कसें चालतें, तें पाहण्यास सूर्याच्या दोन रेषांची कथा मला सर्वांत सोयीची वाटते. एक रेषा पिवळी, दुसरी हिरवी. शिवाय या कथेंतील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्याच सोलापूर जिल्ह्यांत, करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें घडलेला आहे, आणि तो आपल्यापैकीं फारच थोड्यांस ठाऊक आहे.

आधीं रेषा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. भात शिजतांना मिठाचें पाणी उतूं जाऊन शेगडीच्या निळ्या ज्योतीवर पडलें, तर ज्योत क्षणभर पिवळी होते, हें गृहिणींनीं पाहिलेलें असतें. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमचा. असा प्रकाश लोलकांतून पाठविला तर सप्तरंगी पट्ट्याऐवजीं ठराविक जागीं चमकणाऱ्या बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. जणूं तो त्याचा अंगठाच. १८५९-६० सालीं हायडेलबर्ग येथें किर्खहोफ व बुन्सेन यांनीं ही गोष्ट पक्की केली. त्यापूर्वीं पंचवीसच वर्षें, म्हणजे १८३५ सालीं, ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानें लिहून ठेविलें होतें कीं, तारे कशाचे बनले आहेत हें मनुष्यास कधींहि कळणार नाहीं. शंकेचाहि असा अतिरेक होऊं शकतो. 'ठाऊक नाहीं' ही शंका झाली. 'कधींच कळणार नाहीं' हा एक सिद्धान्तच झाला, आणि तोहि पुराव्यावांचून मांडलेला.

बुन्सेनच्या या रीतीनें थोड्याच काळांत चार नवीं मूलद्रव्यें सांपडलीं: सीझियम, रुबिडियम, थॅलियम आणि इंडियम. अनोळखी रेषा दिसली कीं तिच्यामागें अनोळखी मूलद्रव्य असलें पाहिजे, ही कल्पना त्या काळीं कोणाच्या लहरींतून निघालेली नव्हती. तिला चार वेळां यश आलेलें होतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तीच कल्पना एकदां तारक ठरते आणि एकदां चकविते.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची छाया अरबी समुद्रावरून दक्षिण महाराष्ट्र व विजापूर प्रांत ओलांडून आंध्राच्या किनाऱ्याकडे गेली. वर्णपटदर्शक घेऊन खग्रास ग्रहण पाहण्याची जगांतील ही पहिलीच मोठी संधि. पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, विजापुरास कॅप्टन हेग होता, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन व मेजर टेनंट होते, मच्छलीपट्टणास मद्रास वेधशाळेचा पॉगसन होता. जमखंडीस ढगांनीं फार छळलें; तरी ढगांच्या फटींतून हर्शेलनें सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांत तांबडी, नारिंगी-पिवळी व निळी अशा रेषा चमकत होत्या. पिवळी रेषा कसली? हर्शेलनें ती सोडियमची ठरविली. टेनंटनेंहि तसेंच लिहिलें. पॉगसननें मात्र ती सोडियमच्या जागीं किंवा जागेजवळ असल्याचें नोंदविलें.

या 'किंवा जवळ' मध्यें सारें रहस्य होतें. परंतु दोनचार मिनिटांच्या गडबडींत, थरथरत्या हातांनीं, ओळखीच्या जागेजवळ दिसलेली रेषा ओळखीचीच वाटावी यांत नवल नाहीं. आपणहि गर्दींत पाठमोऱ्या माणसास ओळखीचा समजून हांक मारतों. त्या निरीक्षकांस हिणविण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांच्यापाशीं डोळे होते, धैर्य होतें. स्वतःच्या वाचनावर शंका घेण्यास वेळ तेवढा नव्हता.

तो वेळ मिळवून दिला जान्सेननें. रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या कीं, या ग्रहणावांचूनहि दिसतील असें त्याच्या मनानें घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुंटूरलाच त्यानें त्या उघड्या सूर्यावर पाहिल्या. तिकडे लॉकयरच्या मनांत हीच युक्ति पूर्वींपासून घोळत होती. पण त्याचें यंत्र कारागिराकडे अडकलें होतें. तें ऑक्टोबरांत हातीं आलें आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्यानें इंग्लंडांत, ग्रहण नसतांना, त्याच ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांचे वृत्तांत पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच बैठकींत आले, आणि पुढें फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुखवट्यांचें एकच पदक काढलें.

आतां मोजणी सावकाश करतां येऊं लागली. लॉकयरला आढळलें कीं पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेवर बसत नाहीं. थोडी बाजूस पडते. मग ती कशाची? त्यानें रसायनज्ञ फ्रँकलंड यास बरोबर घेऊन प्रयोगशाळेंत हायड्रोजनवर निरनिराळे दाब देऊन पाहिले. ती रेषा कांहीं उमटेना. तेव्हां सूर्यांत एक अनोळखी मूलद्रव्य असावें असा तर्क त्यानें केला. सूर्याचें ग्रीक नांव हेलिओस, त्यावरून हेलियम. फ्रँकलंड या नांवास मनापासून अनुकूल नव्हता. कोणत्याहि बाटलींत नाहीं, कोणत्याहि खनिजांत नाहीं, तराजूंत घालतां येत नाहीं, अशा वस्तूस मूलद्रव्य म्हणावें कसें? रसायनज्ञांचा हा आक्षेप रास्तच होता. लॉकयरनें स्वतःहि लेखांतून नांवाचा डंका पिटला नाहीं. १८७१ सालीं विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, यानें एडिंबरोच्या अध्यक्षीय भाषणांत त्याचा उल्लेख केला, तेव्हां तें नांव चारचौघांत आलें.

यानंतर चोवीस वर्षें हेलियम हा एक तर्कच राहिला. १८९५ च्या मार्चांत रॅम्झे यानें क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजावर अम्ल घालून निघालेला वायु तपासला. तो शोधत होता आर्गॉन. दिसली पिवळी रेषा. क्रुक्सनें ती मोजून सूर्यांतल्या रेषेशीं जुळत असल्याचें सांगितलें. येथें कोणालाहि वाटेल कीं आतां आनंदोत्सव करावा. पण रूंग या जर्मन शास्त्रज्ञानें सूक्ष्म यंत्रानें पाहून एक पेंच काढला: खनिजांतल्या वायूची पिवळी रेषा एकेरी नसून जोड आहे, सूर्याची तर एकेरी समजली जाते. मग दोन्ही वायु एकच कशावरून? ही शंका कोणास कुरापत वाटली असेल. परंतु तिच्यामुळेंच हगिन्स व हेल यांनीं सूर्याकडे पुन्हा अधिक बारकाईनें पाहिलें, आणि सूर्याची रेषाहि जोडच असल्याचें दिसून आलें. हेलियमला खरा पक्केपणा आला तो या आक्षेपानें. शंकेखोर माणूस नसता तर इतका चांगला पुरावा कोणी गोळाच केला नसता.

येथेंच कथा संपविली असती तर तिचा धडा फार गोड झाला असता: धाडसी तर्क करा, टीकाकारांकडे दुर्लक्ष करा, शेवटीं यश येतेंच. शाळेच्या पुस्तकांतून बहुधा असेंच सांगितलेलें असतें. परंतु हिरव्या रेषेनें या गोडव्यावर पाणी पाडलें आहे.

७ ऑगस्ट १८६९ रोजीं अमेरिकेंत खग्रास ग्रहण झालें. यंग व हार्कनेस या दोघांस सूर्याच्या करोनांत, म्हणजे ग्रहणाच्या वेळीं सूर्याभोंवतीं पसरलेल्या रुपेरी प्रभेंत, एक हिरवी रेषा दिसली. यंगनें ती लोखंडाच्या एका ज्ञात रेषेशीं जुळविली. पण लोखंडाच्या बाकीच्या शेंकडों रेषा कोठें गेल्या? शिवाय लोखंडासारखें जड द्रव्य सूर्याच्या एवढ्या वर कसें तरंगेल? तेव्हां हेंहि एक अनोळखी मूलद्रव्य असावें असा तर्क निघाला आणि त्यास पुढें करोनियम हें नांव मिळालें. हेलियमच्या बाबतींत जी विचारसरणी, तीच येथें. शास्त्रज्ञ तितकेच सावध, यंत्रें तितकींच चांगलीं. १८७० सालीं कोणी या दोन नांवांपुढें डाव लावावयास सांगितला असता तर करोनियमवर पैसे लावणारास मूर्ख म्हणतां आलें नसतें. १८९५ नंतर तर करोनियमची पत वाढलीच. थोरला भाऊ सांपडला, धाकटाहि सांपडेल, असें सर्वांस वाटूं लागलें.

अशा वेळीं २२ जानेवारी १८९८ चें ग्रहण आलें. या वेळीं छाया कोंकणच्या किनाऱ्यावर उतरून ईशान्येकडे गेली. मुंबई इलाख्यांत प्लेगचे दिवस. गांवें ओस, स्टेशनांवर तपासण्या. तरीहि देशोदेशींचे ज्योतिषी आले. लॉकयर विजयदुर्गास उतरला व 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरील खलाशांस हाताशीं धरून त्यानें तळ मांडला. वऱ्हाडांत तळणीला व वर्ध्याजवळ पुलगांवला दुसऱ्या तुकड्या होत्या. आणि आपल्या जेऊरच्या माळावर दोन तळ पडले. एक अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्बेल याचा; त्याची पत्नी एलिझाबेथ त्याच्यासमवेत होती. दुसरा पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून उभी राहिलेली पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच हाताखालीं होती.

कॅम्बेलनें चाळीस फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा आणला होता. थंडीचे दिवस, धूळ कमी, आभाळ निरभ्र. ऑगस्टांतल्या जमखंडीची रडकथा येथें नव्हती. भर दुपारीं सुमारें दोन मिनिटें अंधार झाला. करोना सूर्याबरोबर फिरते काय, हें हिरव्या रेषेच्या अल्पशा सरकण्यावरून ओळखावें असा कॅम्बेलचा एक बेत होता. भ्रमणाच्या प्रश्नापेक्षां मोलाची ठरली ती दुसरीच गोष्ट. छायाचित्रांवर हिरव्या रेषेची तरंगलांबी मोजली, ती निघाली सुमारें ५३०३ अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींवा भाग.) गेलीं एकोणतीस वर्षें सारे ज्योतिषी ती ५३१७ मानीत आले होते, कारण यंगनें जुळविलेली लोखंडाची रेषा तेथें होती! विजयदुर्गाच्या छायाचित्रांवरूनहि ५३०३ च्याच जागेचा आंकडा आला. दोन निराळे तळ, दोन निराळीं यंत्रें, अडीचशें-तीनशें किलोमीटरांचें अंतर, आणि उत्तर एक.

चौदा अँगस्ट्रॉमची ही चूक लहान म्हणावी कीं मोठी? मला ती फार मोठी वाटते. तीस वर्षें पुस्तकामागून पुस्तकांत छापला गेलेला आंकडा, मोठमोठ्यांनीं स्वीकारलेला, आणि तो मुळांतच चुकलेला. पत्ता चुकीचा असेल तर घरमालकाचा शोध कसा लागणार? जेऊर व विजयदुर्ग येथें त्या रेषेस तिचा खरा पत्ता मिळाला.

त्यानें करोनियम मात्र मेलें नाहीं. त्याच वर्षीं इटलींतील कांहीं रसायनज्ञांनीं ज्वालामुखीच्या वायूंत तें सांपडल्याचें जाहीर केलें. तें टिकलें नाहीं. मेंडेलीव्हसारख्या महापंडितानें हायड्रोजनपेक्षांहि हलकें मूलद्रव्य म्हणून त्याला जागा देऊं केली. पुढें अणूची रचना उलगडली, मूलद्रव्यांना अनुक्रमांक मिळाले, आणि मधलीं सारीं घरें भरलीं. करोनियमला बसावयास पाटच उरला नाहीं. आतां शंका उलट्या दिशेनें आली. मूलद्रव्य नवें नसेल तर जुन्याच एखाद्याची ही अनोळखी अवस्था असेल काय?

या वळणावर नायगमवाला यांची एक जुनी कामगिरी आठवते. मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटांत एक ठळक हिरवट रेषा आहे. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष होय, असें लॉकयरचें मत होतें, आणि त्यावर त्यानें विश्वाच्या घडणीचा मोठा सिद्धान्त उभारला होता. १८९१ च्या सुमारास नायगमवाला यांनीं पुण्याहून ती रेषा पाहून कळविलें कीं ती स्वच्छ व धारदार आहे. पट्ट्याचें धूसर लक्षण तिच्यांत नाहीं. त्या काळीं पुण्याच्या एका अध्यापकानें लॉकयरच्या मतास बाध येईल असें निरीक्षण प्रसिद्ध करावें, याचें मला फार कौतुक वाटतें. हेलियमचा तर्क बरोबर ठरलेला लॉकयर मॅग्नेशियमच्या तर्कांत चुकला. माणूस तोच, बुद्धि तीच. तेजोमेघाच्या त्या रेषेसाठींहि 'नेब्युलियम' नांवाचें मूलद्रव्य कल्पिलें गेलें होतें. १९२७ सालीं बोवेन यानें दाखविलें कीं तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. अतिविरळ अवकाशांतच त्याला ती रेषा देण्यास सवड मिळते.

या किल्लीनें करोनाचेंहि कुलूप उघडलें. उष्णतेनें अणु इलेक्ट्रॉन कसे गमावतात याचें गणित मेघनाद साहा यांनीं १९२० सालींच मांडून ठेविलें होतें. १९३९ मध्यें ग्रोट्रियननें दिशा दाखविली आणि १९४० नंतरच्या दोनतीन वर्षांत स्वीडनच्या एडलेन यानें निकाल दिला: ५३०३ ची हिरवी रेषा लोखंडाचीच आहे; मात्र सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकीं तेरा गमावलेल्या लोखंडाची. गंमत पहा. यंगनें १८६९ सालीं लोखंडाचेंच नांव घेतलें होतें. परंतु चुकीच्या जागेवरून, चुकीच्या कारणानें. बरोबर उत्तर आणि चुकीची रीत असली तर परीक्षक गुण देत नाहीं, तसेंच सृष्टीनेंहि केलें. तेरा इलेक्ट्रॉन उडविण्यास दहावीस लाख अंशांची उष्णता लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर सहा हजार अंशांच्याहि आंत आहे. म्हणजे एक भूत गेलें आणि त्याहून अचाट असें सत्य पुढें येऊन उभें राहिलें. एवढें धाडस कोणा कल्पकानें आपण होऊन केलें नसतें. तें मोजणीनें करावयास भाग पाडलें.

मला वाटतें, बऱ्या तर्काची ओळख येथें पटते. हेलियम व करोनियम हे दोन्ही तर्क चांगले होते, कारण दोन्ही चुकूं शकत होते. रेषा कोठें असावी, वायु कोठें सांपडावा, कोणता आंकडा आला तर हार मानावी, हें त्यांत सांगतां येत होतें. रोज सकाळीं आपल्या मोबाइलवर येणाऱ्या 'वैज्ञानिक' संदेशांत नेमकें हेंच नसतें. काय दिसलें तर तो दावा मागें घेऊं, हें त्यांचा कर्ता कधीं सांगत नाहीं. शंकेचेंहि तसेंच आहे. रूंगची शंका एका विशिष्ट मोजणीकडे बोट दाखवीत होती. नुसतें 'कशावरून?' म्हणून पाठ फिरविणाराची शंका फुकट जाते. गीतेनें ज्या संशयी माणसाचा नाश सांगितला तो हाच असावा, असा माझा आपला समज आहे. शास्त्रीबुवांनीं रागावूं नये.

आतां पुन्हा विजयदुर्गाकडे. एका सभेंत मीं वरील हकीकत सांगितली तेव्हां एक गृहस्थ खरोखर दुखावले. "आपल्याच मातीचा मान तुम्ही कशाला कमी करतां?" असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, मान कमी कोठें झाला? हेलियमच्या रेषेचें प्रथमदर्शन ज्यांना झालें ते जमखंडी, विजापूर, गुंटूर येथें होते, आणि नवें मूलद्रव्य पाहिलें असें त्यांच्यापैकीं कोणीं म्हटलेंहि नाहीं. विजयदुर्गाचा स्वतःचा मान निराळा आहे: हिरव्या रेषेची खरी जागा सांगणाऱ्या दोन ठिकाणांपैकीं तें एक. दुसरें आपलें जेऊर. ते गृहस्थ गप्प बसले. पटलें असें मात्र मला वाटलें नाहीं. कथेवर जडलेला जीव सहज सुटत नाहीं. माझा तरी कोठें सुटला होता? त्या मुलीनें विचारलें म्हणून.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाल्यावर बंद झाली आणि तिचीं यंत्रें कोडाईकनालला गेलीं. कोडाईकनालची वेधशाळा आज बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेल्या 'आदित्य-एल१' या यानावरील मुख्य दुर्बीण त्याच संस्थेनें बनविली. जानेवारी २०२४ मध्यें तें यान आपल्या जागीं पोहोंचलें. कृत्रिम ग्रहण करून करोना पाहण्याचें काम त्या दुर्बिणीकडे आहे, आणि तिला नेमून दिलेल्या रेषांत ५३०३ ची हिरवी रेषाहि आहे. पृष्ठभाग सहा हजारांच्या आंत असतां करोनाला लाखों अंशांची उष्णता कोठून मिळते, याचें सर्वांस मान्य होईल असें उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं. चुंबकीय लहरी ती वर नेतात असें कांहीं म्हणतात. असंख्य बारीक स्फोट ती निर्माण करतात असें दुसरे म्हणतात. दोन्ही पक्षांनीं आपापले आंकडे पुढें ठेविले आहेत आणि मोजणी चालू आहे.